ॲलर्जीची गोळी: कशासाठी, कशासोबत, किती दिवस

औषधाच्या दुकानात ‘ॲलर्जीची गोळी द्या’ म्हटलं की काउंटरवर बहुतेक वेळा एक ठरलेली पट्टी येते. चष्मा लावून तिची मागची बाजू वाचली तर दोन नावं दिसतात: लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम आणि मॉन्टेलुकास्ट १० मिलिग्रॅम. खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच ही विकायची. ती चिठ्ठी कधी तीन वर्षांपूर्वीची असते, कधी मेव्हण्याची. हल्ली पुष्कळदा चिठ्ठी नसतेच, मोबाइलमध्ये रिकाम्या पट्टीचा फोटो असतो. दहा नको असतील तर दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. आपल्या तुकड्यावर औषधाचं नाव येणार की मुदतीची तारीख, हे कात्री कुठून फिरली त्यावर ठरतं.

अमेरिकेत लोराटाडिन २००२मध्ये, सेट्रिझिन २००७मध्ये आणि लेव्होसेट्रिझिन २०१७मध्ये चिठ्ठीविना विकायला खुलं झालं. भारतात चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा असा वेगळा वर्ग कायद्यात नाहीच. ॲलर्जीची कितीतरी जुनी औषधं ‘शेड्यूल जी’त मोडतात आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणं धोक्याचं आहे, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर द्यावा लागतो. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत आणि व्यवहारात जवळपास मोकळे. त्यातही एक फरक आपल्या अंगाशी येतो. तिथल्या खोक्यावर कोणी घेऊ नये, कशासोबत घेऊ नये, हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. आपल्या हातात खोकं येत नाही, माहितीपत्रक येत नाही, येतो तो कापलेला तुकडा.

तरी एक गोष्ट आधीच सांगून टाकावी. नव्या पिढीची ॲलर्जीची औषधं, म्हणजे सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे, ही नेहमीच्या वापरातल्या औषधांमध्ये बऱ्यापैकी निर्धोक गणली जातात. डॉक्टरांची चिठ्ठी इथे महत्त्वाची आहे ती गोळी जहाल आहे म्हणून नव्हे. आपल्याला जे झालंय ते या गोळीने बरं होण्यासारखं आहे का, हे कोणीतरी तपासून पाहावं म्हणून. ही तपासणी एकदा होते आणि पुढे वर्षानुवर्षं कोणी तिच्याकडे वळून बघत नाही. या औषधांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथे दिसतं.

हिस्टामिन हा शरीरातलाच पदार्थ. त्वचा, नाक, डोळे, आतडी इथल्या मास्ट पेशींमध्ये तो साठवलेला असतो. परागकण, बुरशी, गादीतल्या धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक यांच्याशी एखाद्याच्या शरीराचं वाकडं असलं की या पेशी आपला साठा बाहेर टाकतात आणि हिस्टामिन नसांवरच्या व रक्तवाहिन्यांवरच्या ‘एच-१’ नावाच्या ग्राहींवर जाऊन बसतं. मग शिंका, खाज, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर गांधी. गोळी काय करते, तर एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून सीट धरावी तशी त्या ग्राहींवरची जागा आधी धरून ठेवते. बसलेल्या प्रवाशाला ती उठवू शकत नाही. त्यामुळे दरवर्षी ठरावीक दिवसांत त्रास होणाऱ्याने शिंकांनी बेजार झाल्यावर एखादी गोळी टाकण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून ते दिवस रोज घेतली तर जास्त उपयोग होतो.

गोळीची मर्यादाही यातच आहे. ती फक्त हिस्टामिनची जागा अडवते. चोंदलेलं नाक हे मुख्यतः आतल्या सुजेचं काम, आणि ती सूज आणणारे पदार्थ हिस्टामिनखेरीज इतरही आहेत. शिंका थांबल्या, पाणी थांबलं, पण रात्री तोंड उघडं ठेवून झोपावं लागतंय, अशी तक्रार घेऊन लोक गोळी बदलत राहतात. अशा कायमच्या चोंदण्यावर सर्वांत गुणकारी औषध आहे ते नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा: फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे. ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकूनच माणसं दचकतात, आणि तेच लोक पाच-पाच वर्षं रोज रात्री गोळी घ्यायला कचरत नाहीत. फवाऱ्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि रक्तात फार थोडी जाते. मात्र तो पहिल्या दिवशी चमत्कार करत नाही, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मारण्याचीही रीत आहे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे न रोखता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. सरळ पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं आणि मग ‘मला स्प्रे सोसत नाही’ म्हणून तो कपाटात जातो. झटक्यात नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब हा वेगळाच प्रकार. ते चार-पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले की नाक त्या थेंबांमुळेच चोंदायला लागतं.

त्वचेकडे वळलं की गोंधळ आणखी वाढतो, कारण खाज सुटली की आपण ती ॲलर्जीच्या खात्यात टाकतो. गजकर्ण ही बुरशी आहे, खरूज हा किडा आहे. दोन्हींवर लेव्होसेट्रिझिन घेतलं तर खाज थोडी दबते आणि रोग निवांत पसरतो. जोडीला दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम असलं तर चट्ट्याचं रूपच असं बदलतं की पुढे त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो. घरात दोघातिघांना एकदम खाज, ती रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, असं चित्र असेल तर ती ॲलर्जीची गोळी खाली ठेवून खरजेची तपासणी करून घ्यावी.

महाराष्ट्राचं स्वतःचं एक उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. गाजर गवत, म्हणजे लोक ज्याला काँग्रेस गवत म्हणतात ते, भारतात रुजल्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. शेतात, रस्त्याकडेला, पडीक जागेत वावरणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान, कोपराच्या खळग्या लाल होऊन जाड पडतात, चिघळतात. हा त्रास ॲलर्जीचाच, पण मुख्यतः उशिरा उमटणाऱ्या जातीचा. त्यात सूत्रं पांढऱ्या पेशींच्या हाती असतात, हिस्टामिनचा वाटा किरकोळ. त्यामुळे या शेतकऱ्याला दिलेल्या ॲलर्जीच्या गोळीने फार तर रात्री झोप लागते. खरा इलाज म्हणजे गवतापासून लांब राहणं, अंगभर कपडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड, आणि जुनाट रुग्णांत अझाथायोप्रिनसारखं औषध. ‘दहा वर्षं ॲलर्जीच्या गोळ्या खातोय, गुण नाही’ म्हणणाऱ्यांत असे किती असतील याचा विचार केला की वाईट वाटतं.

अंगावर पित्त उठणं ही मात्र या गोळ्यांची हक्काची जागा. गांधी उठतात, जागा बदलतात, चोवीस तासांच्या आत एकेक गांध मावळते. सहा आठवड्यांच्या वर हे चालू राहिलं तर त्याला जुनाट म्हणतात, आणि अशा रुग्णांत बहुतेक वेळा बाहेरचं कारण सापडतच नाही. तरीही घरोघरी वांगं बंद होतं, डाळ बंद होते, अंडं बंद होतं. जुनाट पित्तावर नेहमीच्या मात्रेने भागलं नाही तर नव्या पिढीची गोळी चौपटीपर्यंत वाढवता येते, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ते वाढवणं तज्ज्ञाचं काम, रुग्णाने आपल्या मनाने एकाच्या चार करण्याचं नव्हे. गांध एकाच जागी दिवसापेक्षा जास्त टिकली, दुखली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर प्रकरण निराळं असू शकतं. तेव्हा त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो.

इथे आपल्याकडची एक खास अडचण. पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावणारे आणि पिणारे बरेच, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण पित्त म्हणजे पोटातली आम्लताच, असं धरून कोणी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड घेतो आणि त्याच पाण्यासोबत फेक्सोफेनाडिन. असं अँटासिड लागोपाठ घेतलं की फेक्सोफेनाडिनचं शोषण जवळपास चाळीस टक्क्यांनी घटतं. दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. मोसंबी, संत्रं, सफरचंद यांच्या रसासोबतही तीच गत, तेव्हा ही गोळी साध्या पाण्यासोबतच घ्यावी. बिलास्टिन तर उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायचं असतं. सेट्रिझिन-लेव्होसेट्रिझिनला जेवणाचं असं सोवळं नाही. ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीचं उत्तर कधीकधी इतकं साधं असतं.

या औषधांचा इतिहास थोडा पाहिला तर ‘झोप येणारी’ आणि ‘झोप न येणारी’ ही विभागणी कुठून आली ते कळतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब यांनी १९३७मध्ये हिस्टामिनला अडवणारा पहिला पदार्थ दाखवला. तो माणसांना देण्याजोगा नव्हता. बोव्हे यांना १९५७मध्ये नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन ही सगळी मंडळी बाजारात आली. आपल्या गावातल्या दवाखान्यांतली ‘एव्हिल’, म्हणजे फेनिरामिन, याच घराण्यातली. ही औषधं मेंदूत सहज शिरतात. हिस्टामिन मेंदूत माणसाला जागं ठेवण्याचं काम करतं, त्यामुळे त्याला तिथे अडवलं की पेंग येते. शिवाय ती ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनालाही अडवतात, म्हणून तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, लघवी अडते.

जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून कोणती गोळी तिथले किती ग्राही अडवते हेच मोजलं. क्लोरफेनिरामिन नेहमीच्या मात्रेत निम्म्याच्या आसपास अडवतं, फेक्सोफेनाडिन जवळपास शून्य. सेट्रिझिन या दोहोंच्या मधे, पण खालच्या टोकाकडे. म्हणून नव्या पिढीतही सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. लेव्होसेट्रिझिन रात्री घ्यायला सांगतात ते उगाच नाही. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन वैमानिकांना फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन चालवून घेतं, सेट्रिझिन व लेव्होसेट्रिझिन घेऊन विमान चालवू देत नाही. टेम्पो, ट्रक, रात्रीची ट्रॅव्हल्स चालवणाऱ्याला, यंत्रावर हात असलेल्याला चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी आणि ती घेताना त्याने एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आयोवा विद्यापीठातला प्रयोग तर मी भेटेल त्याला सांगतो. ॲलर्जी असलेल्या ४० जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी फेक्सोफेनाडिन, डायफेनहायड्रामिन, दारू आणि बिनऔषधी गोळी. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की डायफेनहायड्रामिनवर लोकांनी दारूपेक्षाही वाईट गाडी चालवली आणि फेक्सोफेनाडिनवर बिनऔषधी गोळीइतकीच नीट. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मला झोप येतेय की नाही, हे लोकांनी स्वतः सांगितलं त्यावरून त्यांची गाडी किती बिघडणार याचा अंदाज येत नव्हता. ‘मला नाही बुवा झोप येत त्या गोळीने’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये. क्लोरफेनिरामिन मोठ्या माणसाच्या अंगातून निम्मं उतरायला सुमारे वीस तास लागतात. रात्रीची गोळी सकाळच्या स्कूटरवर आपल्यासोबत असतेच.

झोप न आणणारी पहिली गोळी म्हणून ज्या टर्फेनाडिनचा गवगवा झाला, तिची कथा या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी. १९८५मध्ये अमेरिकेत ती मान्य झाली आणि प्रचंड खपली. १९९०मध्ये एका रुग्णाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. ही बाई टर्फेनाडिन घेत होती आणि सोबत बुरशीवरचं किटोकोनाझोल. तिच्या हृदयाचे ठोके जिवावर बेतण्याइतके बिघडले. शोध घेतल्यावर उमगलं की टर्फेनाडिन स्वतः काम करतच नाही. यकृतातलं एक एन्झाइम पहिल्याच फेरीत तिचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं आणि ॲलर्जीवर काम करतो तो हा दुसरा पदार्थ. किटोकोनाझोल, एरिथ्रोमायसिन यांसारखी औषधं त्या एन्झाइमला रोखतात. मग रूपांतर न झालेली टर्फेनाडिन रक्तात साचते आणि हृदयाच्या विद्युतप्रवाहात गडबड करते. तो दुसरा पदार्थ निर्धोक होता, त्याचंच नाव फेक्सोफेनाडिन. १९९६मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि १९९८च्या सुरुवातीला टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेली. अशाच कारणाने अस्टेमिझोलही १९९९मध्ये गेली. भारतात या दोन्हींवर २००३मध्ये बंदी आली.

एकटी असताना साधी वाटणारी गोळी दुसरीच्या संगतीत कशी वागते, हे तेव्हापासून औषध मान्य करण्याआधी तपासलं जाऊ लागलं. आजच्या नव्या गोळ्यांत हृदयाचा तो धोका नेहमीच्या मात्रेत नगण्य आहे. खाजेसाठी सर्रास दिलं जाणारं हायड्रॉक्सिझिन मात्र अपवाद. २०१५मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्याची मोठ्यांतली कमाल मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम आणि वृद्धांत, टाळताच येत नसेल तर, ५० मिलिग्रॅम ठरवून दिली. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी, किंवा तसा परिणाम करणारी इतर औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगावं. गंमत म्हणजे सेट्रिझिन हे याच हायड्रॉक्सिझिनपासून शरीरात तयार होणारं रूप, आणि लेव्होसेट्रिझिन हा त्यातला नेमका कामाचा अर्धा भाग. त्यामुळे ५ मिलिग्रॅम लेव्होसेट्रिझिन म्हणजे १० मिलिग्रॅम सेट्रिझिन. एका डॉक्टरांनी एक दिलं, दुसऱ्यांनी दुसरं, म्हणून दोन्ही घेतली तर ते एकाच औषधाचे दोन डोस झाले.

असं नकळत दुप्पट होणं घरात रोज चालतं. सर्दी झाली की मेडिकलमधली कोल्ड टॅबलेट, खोकला आहे म्हणून सिरप, आणि ॲलर्जीची म्हणून आधीची गोळी चालूच. कोल्ड टॅबलेटमध्ये बहुधा पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिनसोबत क्लोरफेनिरामिन असतं. अनेक सिरपांत तेच किंवा डायफेनहायड्रामिन. म्हणजे तीन अँटीहिस्टामिनं एकदम, आणि माणूस म्हणतो, ‘या खेपेची सर्दी फारच थकवून टाकणारी आहे.’ वर संध्याकाळी थोडी घेतली, किंवा झोपेची, मणक्याच्या दुखण्याची प्रेगाबालिनसारखी गोळी चालू असली, तर ग्लानीची बेरीज होत जाते. साध्या विषाणूजन्य सर्दीला तर या गोळ्यांचा फायदा पहिल्या एक-दोन दिवसांपुरता आणि तोही थोडासाच.

वयस्कर माणसांचा हिशेब वेगळा. अमेरिकेच्या जेरिॲट्रिक्स सोसायटीची बीअर्स यादी वृद्धांना कोणती औषधं देणं टाळावं ते सांगते, त्यात जुन्या पिढीची ही सारी औषधं आहेत. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची एका कोल्ड टॅबलेटवर लघवी तुंबते आणि मध्यरात्री कॅथेटर घालायला न्यावं लागतं, हा प्रकार कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणालाही ओळखीचा असेल. काचबिंदूचा एक प्रकार भडकतो, विसराळूपणा वाढतो, बाथरूमला जाताना तोल जातो. नव्या गोळ्यांत हे कमी. पण लेव्होसेट्रिझिनचा सुमारे ८५ टक्के भाग लघवीतून बाहेर पडतो. मधुमेहाने मूत्रपिंडं थकलेली असतील तर तो साचत राहतो. अमेरिकी माहितीपत्रकानुसार मूत्रपिंडाचं काम मध्यम प्रमाणात मंदावलं असेल तर २.५ मिलिग्रॅम, तीही एक दिवसाआड, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात ही गोळी द्यायचीच नाही. म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट ॲलर्जीच्या डॉक्टरांनाही दाखवावा. ‘त्याचा किडनीशी काय संबंध’ असं म्हणू नये.

आता पट्टीवरच्या दुसऱ्या नावाकडे. मॉन्टेलुकास्ट हे अँटीहिस्टामिन नाही. ते ल्युकोट्राइन नावाच्या पदार्थांना अडवतं, आणि दम्यात त्याचा उपयोग आहे. मार्च २०२०मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यावर आपला सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घातला. वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे मानसिक परिणाम काहींमध्ये दिसले होते. नाकाच्या साध्या ॲलर्जीसाठी इतर औषधं चालत नसतील किंवा सोसत नसतील तरच ते वापरावं, असंही एफडीएने सांगितलं. हे परिणाम सर्वांना होत नाहीत. दम्याच्या रुग्णाने घाबरून ते परस्पर बंद करू नये. पण आपल्याकडे दोन औषधांची ही जोडगोळी साध्या शिंकांनाही पहिल्याच भेटीत लिहिली जाते, आणि घेणाऱ्या बहुतेकांना आपण दोन औषधं घेतोय हेच ठाऊक नसतं. मुलगा महिनाभरात चिडका झाला, झोपेत ओरडायला लागला, तर आई शाळेला, मोबाइलला, वयाला दोष देते. गोळीचं नाव कोणाच्या मनातही येत नाही. नुसत्या लेव्होसेट्रिझिनने भागेल का, हा प्रश्न चिठ्ठी लिहिली जात असतानाच विचारावा. डॉक्टर रागावत नाहीत.

लहान मुलांबाबत भारतातही नियम कडक होत गेले आहेत. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला लावलं. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळांचा श्वास मंदावू शकतं, म्हणून तेही त्यांना वर्ज्य. २०२५च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली, त्यांतली बरीच शेवटच्या दिवसांत नागपूरच्या रुग्णालयांत होती. त्या मृत्यूंना अँटीहिस्टामिन कारणीभूत नव्हतं. सिरपात डायएथिलिन ग्लायकोल हे विष होतं आणि त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. पण त्या वयाच्या मुलाला साध्या सर्दीसाठी ते सिरप मुळात हवं होतं का, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. लांबच्या प्रवासात मूल शांत झोपावं म्हणून सर्दीचं सिरप पाजणाऱ्यांना तर काय म्हणावं! काही मुलं त्याने उलट चेकाळतात आणि मग प्रवास सगळ्यांच्याच लक्षात राहतो.

गरोदरपणात लोराटाडिन, सेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन यांचा अनुभव सर्वांत जास्त गाठीशी आहे आणि तो दिलासा देणारा आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिली दोन जास्त बरी, कारण जुन्या गोळ्यांनी बाळ सुस्तावतं आणि दूधही कमी होऊ शकतं. कोणती घ्यायची ते प्रसूतितज्ज्ञांनी ठरवावं.

एका ठिकाणी मात्र या गोळीवर वेळ घालवणंच जिवावर बेततं. मधमाशी चावली, इंजेक्शन घेतलं, कोळंबी खाल्ली आणि काही मिनिटांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, चक्कर, उलट्या, असं एकापेक्षा जास्त ठिकाणी बिघडलं तर ते ॲनाफिलॅक्सिस. त्याचं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत आणि ताबडतोब. अँटीहिस्टामिन घसा उघडत नाही, रक्तदाबही वर आणत नाही. तरी अजून कित्येक ठिकाणी ‘एव्हिल’ आणि ‘डेक्सा’ या स्टेरॉइडची अशी दोन इंजेक्शनं देऊन रुग्णाला बाकावर बसवून ठेवतात. पुरळ मावळतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि श्वासनलिका आतून सुजत राहते. अशा वेळी रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवावेत, धाप लागत असेल तर बसू द्यावं, उभं करून चालवू नये, आणि १०८ला फोन करावा. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात ते ॲड्रेनालिनचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. ज्याला असा झटका एकदा येऊन गेलाय त्याने ॲड्रेनालिन कुठे आणि कसं मिळेल, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून ठेवावं.

राहता राहिला ‘किती दिवस’चा प्रश्न. हंगामी त्रासाला हंगामापुरती, जुनाट पित्ताला ते शमेपर्यंत आणि दर काही महिन्यांनी कमी करून पाहत. बारा महिने नाक गळणाऱ्याने तपासणी करून घ्यावी. त्वचेवर टोचून ॲलर्जी पाहायची असेल तर गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर चाचणी खोटी कोरी येते. वर्षानुवर्षं घेतल्याने सेट्रिझिन-लेव्होसेट्रिझिनचं व्यसन लागतं, असं म्हणायला आधार नाही. पण मे २०२५मध्ये एफडीएने एक नवी गोष्ट जाहीर केली. काही महिने किंवा वर्षं रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद केल्यावर काही थोड्या लोकांना अंगभर असह्य खाज सुटली. अशा २०९ नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या आणि खाज बहुधा बंद केल्यापासून दोनेक दिवसांत सुरू झाली. गोळी घेणारे कोट्यवधी, तेव्हा हे विरळाच. पण ज्याला होतं तो ‘माझी ॲलर्जी परत उसळली’ असं समजून पुन्हा गोळी सुरू करतो, खाज थांबते, आणि आपल्याला ही जन्मभर लागणार अशी त्याची खात्री पटते. खरं तर ती खाज गोळी थांबल्याची असते. अशांपैकी काहींना गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवल्यावर ती सोडता आली. तेव्हा रोज रात्री कित्येक वर्षं घेत असणाऱ्याने हा लेख वाचून आज रात्री ती टाकून देऊ नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे पट्टी ठेवावी, कधीपासून घेतो ते सांगावं, आणि कमी कशी करायची हे चिठ्ठीवर तारखांसकट लिहून घ्यावं.